टिंबवाल्या फाइलींची आवराआवर

आवराआवर हा शब्द ज्याने काढला तो माणूस संसारी नसावा. कपाट आवरलं की त्याचं दार लागत नाही, कागद आवरले की नेमका हवा तोच सापडत नाही, आणि तोंड आवरलं की लोकांना वाटतं, हा हरला. एवढा अनुभव गाठीशी असताना मी या वयात आवरायला बसलो. तेही घर नव्हे. घरात मला कोणी पाण्याचं भांडं इकडचं तिकडे करू देत नाही. मी आवरायला घेतला तो आमच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरचा पोटमाळा.

हा कॉम्प्युटर वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाच्या टोकाला, खिडकीखाली असतो. कोणीतरी तो वाचनालयाला भेट दिला, म्हणजे त्यांना तो नको होता. त्यात युनिक्सच्या घराण्यातली एक फुकटची प्रणाली घातलेली आहे. फुकट म्हटल्यावर कमिटीने ती एकमताने मंजूर केली; आमच्या कमिटीचं एकमत झाल्याचा दुसरा प्रसंग माझ्या ऐकिवात नाही. या प्रणालीत प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतःचं एक घर मिळतं. ‘होम’च म्हणतात त्याला. आपलं नाव आणि परवलीचा शब्द टाकला की आपण आपल्या घरात. तिथे आपल्या मनासारखी मांडणी करावी: अक्षरं केवढी, रंग कोणता, कुठली कळ दाबली की काय उमटावं. दुसऱ्याच्या घराला धक्का लागत नाही. एका छपराखाली इतक्या गुण्यागोविंदाने नांदणारी माणसं मी फक्त त्या यंत्रात पाहिली.

त्या यंत्रापुढची खुर्ची माझी. हुद्दा ‘मानद टंकलेखक’. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून मी तिथे जाऊन बसतो आणि लोकांचे अर्ज टाइप करून देतो. नळाला पाणी येत नाही, दाखल्यात आडनाव चुकलं, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आमच्या गॅलरीत घुसली. अर्ज कशाचाही असो, माझ्या हातून गेला की वाचणाऱ्या साहेबाला खुर्चीत सावरून बसावंसं वाटतं. घरी मी बोलायला लागलो की मुलाला फोन येतो आणि सुनेला कुकरची शिट्टी ऐकू येते. इथे मी प्रश्न विचारतो आणि लोक उत्तरं देतात. निवृत्तीनंतर माणसाकडे जी काही पत उरते ती माझी सगळी त्या लाकडी खुर्चीत होती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे एवढंसं ते काय, असं पुढे कोणी म्हणायला नको.

आता माझ्या बोटांविषयी. नोकरीत मला जो टाइपरायटर मिळाला तो माझ्या आधी एका मेकॅनिकच्या तावडीत सापडला होता. त्याने तो उघडला, पुसला, तेल घातलं आणि परत जोडताना काही अक्षरांचे दांडे एकमेकांच्या जागी बसवले. ‘त’ दाबला की ‘ल’ उमटायचा आणि ‘ल’ दाबला की ‘त’. ‘म’ आणि ‘र’ यांचंही तेच. पूर्णविरामाच्या जागी प्रश्नचिन्ह. दुरुस्तीचा अर्ज त्याच यंत्रावर टाइप करावा लागला आणि वरच्या कार्यालयाने ‘भाषा समजत नाही’ असा शेरा मारून तो परत पाठवला. मग यंत्र तसंच राहिलं आणि माझी बोटं बदलली. अक्षरं लवकर अंगवळणी पडली. पूर्णविरामाला मात्र वेळ लागला. त्या काळात आमच्या खात्याचे सगळे हुकूम प्रश्नचिन्हाने संपत. एका कारकुनाला ‘आपणास सेवेतून कमी करण्यात येत आहे?’ असं पत्र गेलं. त्याने ‘नाही’ असं उत्तर पाठवलं आणि तो निवृत्तीपर्यंत नोकरी करत राहिला. खोटं वाटेल, पण त्याच्या निरोपसमारंभाचं भाषण मीच टाइप केलं. तेव्हापासून सगळ्या जगाचा कळफलक मला उलटा आणि माझा तेवढा सुलटा.

वाचनालयात आल्यावर मी खटपट करून माझ्या त्या यंत्रातल्या घरात एक फाइल बनवली आणि यंत्राला बजावलं, मी आत आलो की कळा अशा अशा समज. त्या एका फाइलीच्या जोरावर माझी बोटं डोळे मिटून पळत. तिच्या नावाआधी एक टिंब होतं. नावाआधी टिंब असलं की या प्रणालीत ती फाइल यादीत दिसत नाही. म्हणे फार पूर्वी, ही प्रणाली रचणाऱ्यांपैकी कोणाला तरी भलत्याच दोन नोंदी यादीतून गाळायच्या होत्या. त्याने आळसाने सोपी वाट काढली: टिंबाने सुरू होणारं काहीच दाखवू नकोस. आळसाची वाट लवकर राजरस्ता होते. जो तो प्रोग्राम आपलं किडूकमिडूक टिंब लावून वापरणाऱ्याच्या घरात सारू लागला, पाहुण्याने पलंगाखाली ट्रंक सरकवावी तसा. पाहुणा जातो, ट्रंक राहते.

हे सगळं सुखेनैव चाललं असताना चिटणिसांचे जावई आले. चिटणीस म्हणजे आमच्या वाचनालयाचा कारभार पाहणारे. बँकेतून निवृत्त, बोलणं गुळगुळीत, केस त्याहून. जावई कॉम्प्युटरच्या धंद्यातले. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले, मला न विचारता खांद्यावरून हात पुढे घातला, एक आज्ञा टाइप केली, आणि माझ्या घरातली टिंबं पडद्यावर आली. येतच राहिली. मी आयुष्यात एकदा चुकून उघडलेले प्रोग्रामसुद्धा तिथे अंथरूण घालून पडले होते. त्यात एक बुद्धिबळाचा होता, आणि मला घोडा कसा चालतो तेही येत नाही. वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी माना वर केल्या.

“काका,” जावई म्हणाले, “हे घर आहे की उकिरडा?”

मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की याबाबतीत जाणत्यांनी एक संकेत ठरवलेला आहे. मांडणीच्या फाइली घरात अशा उघड्यावर टाकायच्या नाहीत. त्यांना ‘डॉट कॉन्फिग’ नावाची एकच खोली. पुन्हा बनवता येईल असा पसारा ‘डॉट कॅश’ नावाच्या दुसऱ्या खोलीत, जपायचा ऐवज तिसरीत. चांगले प्रोग्राम हे पाळतात, जुने पाळत नाहीत. ‘जुने’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नसेलही पाहिलं, पण वाटलं ते वाटलं. चिटणीस बँकेतल्या आवाजात म्हणाले, “जावई पुढच्या वेळी येतील तेव्हा बघतीलच. जमत नसेल तर तसं सांगा हं काका. हल्ली तरुण मंडळीही वेळ द्यायला तयार असतात.”

ज्याने उभी हयात सरकारी फाइली लावण्यात घालवली, त्याला फाइल कुठे ठेवावी हे शिकवायचं. मी म्हटलं, जावई येतील तेव्हा माझ्या घरात त्या खोल्या सोडून एक टिंब दिसणार नाही. दिसलं तर खुर्ची तुमची. हे वाक्य बोलायला जेवढा वेळ लागला तेवढाही मी विचाराला दिला नव्हता.

बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ले तर बातमीच्या आधी पोचले. आमच्या खालच्या मजल्यावर पाणीपुरवठ्यातले निवृत्त इंजिनियर राहतात. ते जिन्यातच अडवून म्हणाले की मुळात प्रत्येकाच्या घरात वेगळी मांडणी हाच वेडेपणा आहे. यंत्रात ‘इटीसी’ नावाचा एक फोल्डर असतो, म्हणजे ‘इत्यादी’. सगळ्या यंत्राचे नियम तिथे असतात. माझी मांडणी तिथे टाकली की घर स्वच्छ आणि काम चालू. त्यांनी विचारलं, पाणी प्रत्येकाने आपापल्या बादलीत साठवावं की गच्चीवर एक टाकी बांधावी? हा प्रश्न त्यांनी नोकरीभर विचारला असावा, कारण उत्तराची वाट न पाहता ते पुढे बोलत होते. दुसरा सल्ला बाईंचा. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. रोज येतात, वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर पेन्सिलीने गोल करतात. त्यांनी टाकीचं ऐकलं आणि मान वर न करता म्हणाल्या, “टाकीत एक उंदीर मेला की सगळ्यांच्या नळाला येतो.” घरी सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, बाबा, तुम्हाला बरं वाटेल तसं करा, फक्त दगदग नको. हा सल्ला नव्हे, हे औषधाच्या बाटलीवरचं लेबल झालं.

मी माझ्याच पद्धतीने सुरुवात केली. डॉट कॉन्फिग उघडलं आणि टिंबवाल्या एकूणएक फाइली उचलून त्यात नेऊन टाकल्या. घर कसं स्वच्छ दिसू लागलं. मी पाणी पिऊन आलो तोवर त्यातली निम्मी परत उगवली होती. त्याचं असं झालं की ज्या प्रोग्रामांना संकेत ठाऊक होता ते गुमान नव्या खोलीत जाऊन आपली फाइल घेऊन आले. ज्यांना ठाऊक नव्हता त्यांनी जुन्या जागी पाहिलं, फाइल दिसली नाही, तेव्हा त्यांना वाटलं आपण आजच जन्मलो. त्यांनी कोरी फाइल बनवली आणि माझं स्वागत करून मला सगळं पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. भाषा कोणती? अक्षरं केवढी? एकाने तर मला माझं नाव विचारलं. ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षं बसलो त्याने असं तोंडावर नाव विचारावं, याचं दुःख ज्याचं त्यालाच कळेल. अक्षरं मुंगीएवढी झाली. ‘उवि’ एवढं टाइप केलं की ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असं उमटायची सोय मी केली होती, ती गेली. आणि माझी कळांची फाइल डॉट कॉन्फिगमध्ये सुखरूप पडून होती, पण तिला तिथे जाऊन विचारणारं कोणी नव्हतं.

हे मला कळलं ते बाईंचा अर्ज टाइप करताना. त्यांच्या गल्लीतला दिवा बंद होता. मी नेहमीसारखा डोळे मिटून टाइप केला आणि छापलेला कागद हसून त्यांच्या हातात दिला. त्यावर होतं, ‘आरच्या गत्तीलता दिवा बंद आहे?’

बाईंनी तो पेन्सिलीने गोल करत करत वाचला. मग म्हणाल्या, “दिवा बंद आहे का, हे मलाच विचारताय?”

टेबलावर कोणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. त्या दिवसापासून मी कळफलकाकडे बघून, एका बोटाने, कोंबडीने दाणे टिपावेत तसा टाइप करू लागलो. पूर्वी माझा वेग बघायला लोक थांबत. आता ते उगाच दुसरीकडे बघत, लंगडणाऱ्या माणसाशेजारून जाताना बघतात तसे. ती एक फाइल गुपचूप परत घरात आणून टाकली असती तर सगळं मिटलं असतं. पण जावई येणार होते, आणि एक टिंब दिसलं तर खुर्ची जाणार होती. न आणावी तर टाइप येत नाही म्हणून जाणार होती. अशा वेळी शहाणा माणूस माफी मागतो. मी इंजिनियरांकडे गेलो.

‘इत्यादी’ फोल्डरात हात घालायचा तर यंत्राच्या मालकाचा परवलीचा शब्द लागतो. तो कमिटीच्या हाती. त्यासाठी अर्ज. अर्ज टाइप केलेलाच हवा, हाताने लिहिलेला विचारात घेतला जाणार नाही, असा वाचनालयाचा नियम आहे. तो नियम मीच सुचवला होता, खुर्चीला काम राहावं म्हणून. तेव्हा कळफलकाने माझा छळ केल्याबद्दलचा अर्ज मी त्याच कळफलकावर, एका बोटाने, तीन प्रतींत टाइप केला. कमिटीने तो वाचून घेतला आणि शेवटच्या प्रश्नचिन्हावर चर्चा केली. इंजिनियरांनी टाकीचं भाषण केलं. ठराव झाला की माननीय टंकलेखकांची कळमांडणी सार्वजनिक ठिकाणी ठेवावी. ‘सार्वजनिक’ शब्द ऐकून मला चक्क अभिमान वाटला. माणसाची सवय सरकारजमा व्हावी, याहून मोठा सत्कार कोणता?

मालकाच्या शब्दाची एक गंमत आहे. अर्धा शब्द चिटणिसांना ठाऊक आणि अर्धा खजिनदारांना. पंखा चालू ठेवावा की खिडकी उघडी, यावरून या दोघांचं बोलणं बंद आहे, त्यामुळे शब्द फुटण्याची भीती नाही. चिटणीस येऊन आपला अर्धा टाइप करतात, तेव्हा खजिनदारांसकट सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. मग खजिनदार पुढे होतात आणि चिटणीस भिंतीकडे वळतात. शाळेत शिक्षा भोगताना असतो तसा तो देखावा असतो. तेवढ्या सोपस्कारानंतर इंजिनियरांनी माझी फाइल ‘इत्यादी’त बसवली, यंत्र बंद करून चालू केलं, आणि माझी बोटं पुन्हा पळू लागली. मी त्या दिवशी घरी जाताना शीळ घातली. सुनेने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, टाकी बांधली.

उंदीर पडल्याचं सकाळी कळलं. बाई आत जायला बघतात तर यंत्र म्हणतं, शब्द चुकला. इंजिनियरांचंही तेच. काही जण मात्र सरळ आत जात होते, आणि मी तर सराईतासारखा. परवलीचा शब्द टाइप करताना पडद्यावर नुसती टिंबं उमटतात, त्यामुळे काय चुकतंय ते दिसायची सोय नाही. ज्यांच्या शब्दात माझी अदलाबदलीची अक्षरं होती ते बाहेर राहिले. ज्यांच्यात नव्हती ते आत. पण हे कळायच्या आधी वाचनालयात दोन तट पडले. बाहेरच्यांचं म्हणणं, रविवारच्या पुरवण्या कोण घरी नेतं अशी तक्रार ज्यांनी केली, त्यांनाच कमिटीने मुद्दाम अडवलंय. आतले म्हणू लागले, आम्ही नियम पाळतो, म्हणून आम्हाला यंत्र ओळखतं. एक गृहस्थ तर आत जाऊन काही करायचं नसताना, केवळ जाता येतं म्हणून, दिवसभर आत जाऊन बाहेर येत होते.

मला उलगडा झाला तेव्हा मी लगेच सांगायला हवं होतं. पण त्याच वेळी बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, तुमची बोटं चालतात ना, मग माझा शब्द तुम्हीच टाका. आणि त्यांनी शब्द कानात सांगितला. मी टाकला, त्या आत गेल्या. मग इंजिनियर आले. मग रांग लागली. एकेक जण वाकून आयुष्यभराचं गुपित माझ्या कानात ओतू लागला. बाईंचा शब्द होता ‘गप्प बसा रे’. इंजिनियरांचा शब्द ‘परवलीचा शब्द’ असाच होता. टाकीवाल्या माणसाची कल्पनाशक्ती तेवढीच. खुर्चीला असा मान कधी आला नव्हता. मी दोन दिवस काहीच बोललो नाही, आणि खरं सांगायचं तर तिसराही दिवस तसाच घालवायचा माझा विचार होता.

पण वार्षिक अहवाल चिटणिसांच्या घरात होता, म्हणजे यंत्रातल्या घरात, चिटणीस स्वतः बाहेर, आणि तो सभेपुढे ठेवायचा होता. मी तुमचा शब्द टाकून देतो, म्हटलं, तर ते कोणालाही शब्द सांगायला तयार होईनात. तेव्हा मी कळांचं सांगून टाकलं. जावयांना फोन लावला. जावयांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की व्यक्तीची सवय सगळ्या यंत्रावर लादायची नसते, ती फाइल ‘इत्यादी’तून काढा. काढायला मालकाचा शब्द हवा. खजिनदारांच्या अर्ध्यात माझं एकही अक्षर नव्हतं. चिटणिसांचा अर्धा मात्र चालेना. चिटणीस भिंतीला उद्देशून म्हणाले की कोणीतरी शब्द बदललाय. खजिनदारांनी भिंतीलाच उत्तर दिलं.

मग चिटणिसांनी मला एकेक कळ विचारायला सुरुवात केली. आता ‘त’ कुठे आहे? मला सांगता येईना. टंकलेखकाला कळा ठाऊक नसतात, त्याच्या बोटांना असतात, आणि बोटांना तोंड नसतं. मी कोऱ्या पानावर दाबून दाखवलं. ते अक्षरं उलटसुलट विचारत होते, शब्द कळू नये म्हणून: आधी ‘ल’, मग ‘र’, मग ‘ग’. ते बघून ठेवत, जागेवर येत आणि दोन बोटांनी चुकवत. बऱ्याच चुका झाल्यावर यंत्राने त्यांना थोडा वेळ थांबा म्हणून बजावलं. बँकेच्या माणसाला खिडकीबाहेर थांबायची सवय नसते. त्यांनी घाम पुसला. बाई म्हणाल्या, एवढं काय आहे त्या शब्दात? सांगून टाका त्यांना. आमचे नाही का सांगितले आम्ही?

सगळे भिंतीकडे वळले. चिटणीस माझ्या कानाशी आले, खिडकीबाहेर बघत राहिले आणि पुटपुटले, “म्हातारा गुंतला.”

मी विचारलं, “कोण?”

ते म्हणाले, “शब्द आहे तो, काका. जोडून टाका, मध्ये जागा नाही.”

यंत्र आलं त्या दिवशी शब्द ठरला होता, आणि मला खुर्ची दिली तीही त्याच दिवशी. कोण म्हातारा आणि कशात गुंतला, हे विचारण्याएवढा मी खुळा नव्हतो. तरी विचारलं होतं. चिटणीस माझा खांदा धरून हलक्या आवाजात बोलू लागले, आणि आवाज प्रथमच गुळगुळीत नव्हता. “तुमच्या घरचे काळजीत होते हो. सूनबाई येऊन म्हणाल्या, दिवसभर घरात नुसते बसून असतात, त्यांना कुठेतरी गुंतवा. त्या दिवशी शब्द सुचत नव्हता. मनात आलं ते टाकलं. त्याचा अर्थ तसा नाही.”

“कसा नाही?” मी म्हटलं.

आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिला धडा असायचा की मजकुराचा अर्थ बघायचा नाही, अर्थ बघितला की हात अडखळतो. बडतर्फीचे हुकूम, बदल्या, साहेबाच्या प्रेयसीला साहेबाची पत्रं, मी सगळं न बघता टाइप केलेलं आहे. हेही केलं. एकही चूक झाली नाही. खजिनदार पुढे आले, त्यांनी त्यांचा अर्धा टाकला, आणि यंत्र उघडलं.

माझी फाइल मी ‘इत्यादी’तून काढली आणि माझ्या घरात, दारातच, टिंबासकट नेऊन टाकली. जावयांना फोनवर तसं सांगितलं आणि खुर्ची घ्या म्हटलं. ते म्हणाले, “असू दे काका. जुन्या प्रोग्रामांना तसंच लागतं.” मला शिव्या चालल्या असत्या.

नियमाप्रमाणे मालकाचा शब्द बाहेरच्याला कळला की बदलावा लागतो. आम्ही पुन्हा भिंतीकडे वळलो. चिटणीस दोन बोटांनी टाइप करू लागले. जो माणूस आयुष्यभर कळा ऐकत आला त्याला पाठमोरंही ऐकू येतं: कुठे बोट लांब गेलं, कुठे तीच कळ पुन्हा आली. त्यांनी परत तोच शब्द टाइप केला. यंत्राने तो घेतला नाही. जुना शब्द चालणार नाही, म्हणालं. तेव्हा मागे न बघता त्यांनी मलाच विचारलं, “दुसरं काय ठेवू हो?”

मी म्हटलं, सुचेल तुम्हाला, आणि टोपी घेऊन बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. दाढीही केली नाही. बैठकीच्या खोलीत खुर्ची ओढून बसलो आणि सुनेला कारकुनाला आलेल्या त्या पत्राची गोष्ट सांगायला घेतली. तिला ऑफिसात जायचं होतं, तिने डबा भरता भरता ती ऐकली, हसण्याच्या जागी हसली, आणि मग म्हणाली, “बाबा, आज वाचनालय नाही?” मी म्हटलं, नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. ती फोनवर बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण शब्दांशिवायही पुष्कळ कळतं.

तिचं बोलणं संपतं न संपतं तोच चिटणिसांचा मला फोन. “काका, अहो या ना. किती माणसं खोळंबलीत.”

“किती?” मी विचारलं.

त्यांनी जरा विचार केला. “पुष्कळ,” म्हणाले. फोनमधून मला त्यांच्या मागचा पंखा ऐकू येत होता, आणि एक पान उलटल्याचा आवाज.

सून दाराशी पायात चप्पल अडकवून उभी होती, पण निघत नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर ती थांबली असती, हे मला दिसत होतं. थांबून तिने काय केलं असतं, तर माझी आणखी एक गोष्ट ऐकली असती. मी उठलो, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. ती हसली आणि जिना उतरून गेली, भरभर.

वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशी खजिनदार एकटेच बसले होते. ते सकाळी कधी येत नाहीत. मला बघून त्यांनी वर्तमानपत्राची घाईघाईने घडी केली, ती नीट झाली नाही, आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसले.

“काका, एक अर्ज होता,” म्हणाले.

“कशाबद्दल?”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, छताकडे पाहिलं, चिटणिसांच्या टेबलाकडेसुद्धा पाहिलं, ज्यांच्याशी त्यांचं बोलणं नाही. चिटणीस मान खाली घालून पुस्तकांची यादी तपासत होते. मी यंत्र चालू केलं, माझा शब्द टाकला आणि ‘महोदय’ टाइप करून स्वल्पविराम दिला.

“सांगा सावकाश,” मी म्हटलं. “मला काय, वेळच वेळ आहे.”